दाजींचे तीन मिलिमीटर

दाजी कुणाकडे गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, पायांखाली बघतात. न्यू जर्सीत एखाद्या मराठी घरी सत्यनारायण असला आणि हवा बरी असली, की पुरुषमंडळी हळूहळू मागच्या डेकवर सरकतात. डेक म्हणजे घराच्या मागल्या दाराबाहेरचा लाकडी ओटा. छप्पर उडालेली पडवीच म्हणा. बाकीचे लोक शिऱ्याचा द्रोण धरून घरांच्या किमतींवर बोलत असतात. दाजी अनवाणी चार पावलं टाकतात, थांबतात, टाच दाबतात आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटून म्हणतात, "खालून वारा नाही." मग खिशातली बॅटरी काढून डेकखाली शिरतात. थोड्या वेळाने यजमानीण सगळ्यांना पानावर बोलवायला बाहेर येते, तेव्हा तिला फळ्यांच्या फटींतून आवाज येतो, "वहिनी, अहो तुमचा डेक घराला नुसत्या खिळ्यांवर टांगलाय!"

ताई आता त्यांना पूजेला पांढरा झब्बा घालू देत नाही.

दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून अमेरिकेत येऊन त्यांना चाळीस वर्षं होत आली. सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात झाली, आता निवृत्त. पण खरी ओळख अशी की ते 'नीट' पंथाचे आहेत. या पंथाचा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. कॅलेंडर अडकवायला खिळा ठोका म्हटलं की हा आधी भिंत वाजवून बघतो, मग ओळंबा शोधतो, मग ओळंब्याची दोरी पिळलेली आहे म्हणून बाजारात जातो. कॅलेंडर लागतं तेव्हा मार्च उजाडलेला असतो, पण लागल्यावर ते डिसेंबरपर्यंत केसभर हलत नाही. पंथाचा मूळ मंत्र, "नीट करायचं तर नीट करायचं." हे वाक्य जिथून निघतं तिथेच परत येऊन बसतं, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येत नाही. दुसरा मंत्र, "घाई कुणाला आहे?" याला मात्र उत्तर आहे. स्वयंपाकघरातून ताई म्हणते, "मला."

त्यांचा जुना डेक पाइनचा होता. तो आतून कुजला आणि एका रविवारी ताईचा पाय वाळवणाच्या ताटासकट फळीतून खाली गेला. पाय खरचटला, सांडगे गवतात गेले. ताईचं म्हणणं साधं होतं: चार फळ्या बदला आणि मला वाळवण घालायला जागा द्या. त्याच सुमाराला शेजारच्या अमेरिकन गृहस्थानेही डेक काढला. प्लॅस्टिकमध्ये भुसा मिसळून केलेल्या फळ्या आणल्या, दोन शनिवार-रविवारांत ठोकल्या आणि तिसऱ्या शनिवारी त्यावर उभा राहून मक्याची कणसं भाजली. दाजींनी कुंपणावरून ते पाहिलं, तोंड भरून कौतुक केलं आणि घरात येऊन वाचायला बसले. वाचन दीड वर्ष चाललं.

त्यातून निघालं 'इपे'. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातलं लाकूड. आपल्याला हे झाड अगदीच परकं नाही. विक्रोळीला हायवेच्या कडेने दर वर्षी गुलाबी होणारी टॅब्यूबियाची झाडं ही त्याची जवळची भावंडं. आणि ज्याची लांब देठांची पांढरी फुलं सकाळी अंगणभर पडलेली असतात, ते आपलं बुचाचं झाडही त्याच कुळातलं. फक्त हा भाऊबंद सागाच्या तिप्पट कठीण, आणि इतका जड की पाण्यात टाकला तर बुडतो.

ही गोष्ट दाजींनी नुसती सांगितली असती तरी आम्ही मानली असती. पण नीटपंथी माणूस सांगत नाही, दाखवतो. नमुन्याचा वीतभर तुकडा आला होता. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर बादली भरायची, डाव्या हाताने पाइनची ढलपी सोडायची, ती तरंगायची. मग उजव्या हाताने इपे सोडायचा, तो सरळ तळाला. एकदा पाहुण्यांबरोबर आलेलं चार वर्षांचं पोर एकदम ओरडलं, "गणपती बाप्पा मोरया!" दाजी हसले नाहीत. त्यांनी तुकडा बाहेर काढला, पुसला आणि ज्यांनी नीट पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी पुन्हा बुडवला.

विरोध झाला तो लेकीकडून. "बाबा, हे ॲमेझॉनचं जंगल आहे. तुमच्या चहाच्या कपाखाली ठेवायला." तिचं खोटं नव्हतं. हे झाड जंगलात दाटीने उगवत नाही. एक इथे, तर दुसरं कितीतरी लांब. एकापर्यंत पोचायला रस्ता पाडला की त्या रस्त्याने बाकीचे कुऱ्हाडवाले आत शिरतात. न्यूयॉर्क शहरानेही २००८ साली असलं उष्ण कटिबंधातलं लाकूड कमी वापरायचं ठरवलं होतं. दाजी लेकीचं सगळं ऐकून घेऊन पुन्हा सहा महिने वाचायला बसले. जंगल राखून तोड केल्याचं एफएससीचं प्रमाणपत्र असलेलं लाकूड त्यांनी शोधलं, त्याची कागदपत्रं मागवली आणि एक निळी फाइल केली. लेकीला एवढंच म्हणाले, "एवढं मोठं झाड पाडून आणायचं आणि माझ्या चुकीने ते दहा वर्षांत कुजलं, तर दुसरं पाडावं लागेल. म्हणून नीट करायचं." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, या मंत्राला अर्थ असावा. ताई म्हणाली, "अर्थ आहे रे. तारीख नाही."

२०२१ च्या ऑक्टोबरात लाकूड आलं. १६ फुटांच्या ४३ फळ्या, एकेक साधारण १८ किलोची. इपे आणल्या आणल्या ठोकायचं नसतं. जमिनीवरून उचलून, थरा-थरात पट्ट्या घालून, सावलीत, चारी बाजूंनी वारा लागेल असं एक-दोन आठवडे ठेवायचं, म्हणजे लाकडातला ओलावा त्या गावच्या हवेशी जुळतो. दाजींनी गॅरेज रिकामं केलं. बाळंतिणीची खोली सजवावी तशी आत व्यवस्था झाली: ऊन नको, जमिनीची ओल नको, दार फार उघडं नको, अगदी बंदही नको. दोन आठवड्यांत थंडी पडली, जमीन गोठली, खणता येईना, आणि दोन आठवड्यांचे सात महिने झाले. त्या हिवाळ्यात ताईची गाडी बाहेर बर्फात उभी. ती रोज सकाळी सहाला उठून काचेवरचा बर्फ खरवडायची. खरवडताना दिसायचं, गॅरेजच्या खिडकीतून दाजी फळ्यांवरून हात फिरवत असायचे. "चाळीस वर्षांत माझं अंग गरम आहे का हे एकदा बघितलं नाही या माणसाने," ती मला फोनवर म्हणाली.

मागे एक गोष्ट आहे, ती दाजी स्वतःहून सांगत नाहीत. त्यांच्या गावच्या वाड्याला सागवानी माडी होती. वर अनवाणी चाललं की खाली सोप्यात बसलेल्या आजोबांना पावलांवरून नातू ओळखू यायचा. ती माडी राखायला गावचे सुतारमामा यायचे. बलुतेदारीचे दिवस, मजुरी धान्यात. मामा ओलं लाकूड वर्ष वर्ष गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवायचे आणि पोरांनी घाई केली की म्हणायचे, "झाड पडलं म्हणून झाडपण लगेच जात नाही." पुढे वाटण्या झाल्या, वाड्याच्या जागी स्लॅबचं घर आलं, आणि माडीचं लाकूड जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने घनफुटाच्या भावाने नेलं. दाजी तेव्हा अमेरिकेत. त्यांना हे कळलं ते नव्या घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण आल्यावर. ते काही बोलले नाहीत, पण भिंतीत खिळा मारायला चार महिने लावणं त्यानंतरच सुरू झालं, असं ताईचं मत आहे.

२०२२ च्या मे महिन्यात मी दोन महिने राहायला म्हणून गेलो. विमानतळावर दाजींनी मला मिठी मारली आणि माझे तळहात उलटे करून बघितले. तिथेच मला कळायला हवं होतं.

पाया आधी झाला होता. तिथे पाया पुरेसा खोल नसला तर हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि खांबच वर उचलले जातात. टाउनशिपचा नियम तीन फुटांचा, म्हणून दाजींनी साडेतीन खणले. घराच्या भिंतीला जी मुख्य तुळई आवळतात, जिच्यावर अर्धा डेक तोललेला असतो, ती त्यांनी जाड बोल्टांनी आवळली आणि वरून पत्र्याची पट्टी वाकवून घातली, म्हणजे भिंतीत पाणी मुरणार नाही. डेक कोसळतात ते बहुतेक याच सांध्यातून, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही ते बोललो असेन. मग इन्स्पेक्टर येणार म्हणून सकाळपासून घरात मुलगी बघायला येणार असल्याचं वातावरण. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, निळी फाइल मांडली, ताईला पोहे करायला लावले. इन्स्पेक्टर आला, खाली वाकला, वर बघितलं, सही केली. चार मिनिटं. पोह्यांना हातही लावला नाही. दाजींना पास झाल्याचा आनंद नव्हता. "त्याने पत्र्याची पट्टी बघितलीच नाही रे," ते संध्याकाळपर्यंत म्हणत होते. मुलगी पसंत पडली, पण तिचं शिक्षण कुणी विचारलं नाही, असा तो चेहरा होता.

मग फळ्या. त्यांचा हिशोब ऐका. ४३ फळ्या, खाली १६-१६ इंचांवर आडव्या तुळया १३, आणि प्रत्येक फळी प्रत्येक तुळईवर दोन स्क्रूंनी धरायची. तो आकडा माझ्या खांद्याला पाठ आहे: १११८ भोकं. पाइनमध्ये स्क्रू नुसता दाबला तरी आत जातो. इपेत आधी भोक पाडलं नाही तर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. म्हणून आधी भोक, मग त्याच्या तोंडाला वाटीसारखा खळगा, मग स्टेनलेस स्टीलचाच स्क्रू, कारण साधं लोखंड या लाकडाला लागलं की काळे डाग पडतात. त्यावर त्याच इपेचं गोल बूच गोंद लावून ठोकायचं, बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर बसल्यात का ते बघायचं आणि वाळल्यावर घासून सपाट करायचं. बुचाच्या कुळातल्या लाकडाला बूच मारतोय, हा विनोद मी पहिल्या दिवशी केला. दाजींनी मला पुढचा ड्रिल-बिट दिला. तो तेराव्या फळीला बोथट झाला आणि लाकडातून धूर निघाला.

४३ फळ्या मधल्या फटींसकट मांडल्या तर २० फुटांपेक्षा पावणेदोन इंच जास्त होतात. कुणीही शेवटची फळी चिरली असती. दाजींनी सगळा सांगाडाच आधी पावणेदोन इंच वाढवला होता, आणि त्यासाठी टाउनशिपला नवा नकाशा दिला होता. "शेवटच्या फळीचा काय गुन्हा?"

फट म्हणजे दाजींच्या संसाराचा गाभा. दोन फळ्यांत तीन मिलिमीटर. पाऊस आला की फळी फुगते, ऊन आलं की आकसते, पाणी खाली जायला वाट हवी, खालून वारा वर यायला हवा. खालची बाजू ओली आणि वरची कोरडी राहिली तर फळी द्रोणासारखी वळते. या मापाचा एक खिळा त्यांच्या खिशात कायम असतो. फळी मांडली की खिळा फटीत, तीन ठिकाणी. खिळा सहज निघाला तर फट जास्त, ओढावा लागला तर कमी. "निघताना किंचित कुरकुरला पाहिजे," ते म्हणायचे. "मग ताईसारखा," मी म्हटलं. खिडकी उघडी होती. त्या रात्री मला भाकरी जाड मिळाली.

प्रत्येक कापलेल्या टोकाला लगेच मेण लावायचं हाही नियम. लाकूड पाणी पितं ते टोकाने, आणि सुकताना तडकतं तेही तिथूनच. त्यामुळे करवत थांबली रे थांबली की दाजी ब्रश घेऊन धावायचे, "तोंड बंद कर, तोंड बंद कर!" शेजारचा गृहस्थ कुंपणापाशी यायचा, बिअर धरून बघत राहायचा. त्याला वाटायचं ते मला ओरडतात.

आणि भुसा! इपेचा भुसा हळदीसारखा पिवळा असतो आणि मास्क नसला तर नाकात झोंबतो. संध्याकाळी आम्ही दोघे हळद लागलेल्या नवरदेवांसारखे घरात शिरायचो. पहिल्या दिवशी ताईने शर्ट साबणाच्या पाण्यात टाकले आणि किंचाळली. पाणी लाल झालं होतं. दाजी आनंदाने धावत आले. भुशातलं ते पिवळं द्रव्य साबणासारख्या क्षारात गेलं की लाल होतं, हे त्यांनी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. "अगं, हळदीला चुना लावून कुंकू करायचे ना, तसं!" ताई म्हणाली, "कुंकू केलंत, आता ते लावायला कपाळ शाबूत ठेवा."

शेवटी तेल. नमनाला घडाभर तेल ही म्हण इपेला लागू पडत नाही. लाकूड इतकं घट्ट की ते तेल पीतच नाही. पातळ एक हात द्यायचा, थोड्या वेळाने जास्तीचं पुसून घ्यायचं. तेल न लावलं तर लाकूड कुजत नाही, फक्त उन्हाने राखाडी होतं. हे दाजींनाच माहीत, पण दर वर्षी तेल लावतात. पुसलेल्या तेलकट चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या कुंपणावर एकेक सुटी वाळत घालायची. शेजाऱ्याने विचारलं, हा तुमचा कुठला सण?

सण नव्हता, पण सोवळं सुरू झालं. नव्या डेकवर खुर्ची ओढायची नाही, उचलायची. बार्बेक्यू नको, तेलाचे डाग. कुंडी नको, खाली ओल राहते. चहा चालेल, पण कप हातात. वाळवण? दाजींनी फक्त ताईकडे बघितलं. ते बघणं मी विसरलो नाही.

मला समुद्र दाखवायला ते कोनी आयलंडला घेऊन गेले. तिथला लाकडी बोर्डवॉक १९२३ साली लोकांसाठी खुला झालेला. पुढे त्याच्या कितीतरी फळ्या इपेच्याच. लोक समुद्राकडे तोंड करून आइस्क्रीम खात होते, दाजी समुद्राकडे पाठ करून गुडघ्यावर. कुठे स्क्रू वर आलेला, कुठे फळी वळलेली, "बघ, इथं फट नाही ठेवली." पुढे एका टप्प्यावर लाकूड काढून काँक्रीट केलेलं लागलं. तिथे ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि एक शब्द न बोलता आल्या वाटेने परत फिरले.

गेल्या उन्हाळ्यात, २०२५ च्या जुलैत, मी पुन्हा गेलो. दाजींनी आधी निळी फाइल दाखवली. तिच्यात नवा कागद होता: नोव्हेंबर २०२४ पासून इपेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातली झाडं-प्राणी राखण्यासाठीच्या कराराची बंधनं आली आहेत, आता देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. त्या कागदाच्या कोपऱ्यात लेकीने लिहिलं होतं, 'मी म्हटलं होतं.' खाली दाजींचं अक्षर, 'बरोबर म्हटलं होतंस.' आमच्या घराण्यात असा लेखी कबुलीजबाब दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी सकाळीच दुकानात गेले आणि ताईने उडदाचे पापड लाटायला घेतले. "आज काय होईल ते होवो," ती म्हणाली. आम्ही डेकवर प्लॅस्टिक अंथरलं आणि पापड मांडले. तीन वर्षांत त्या डेकवर कुणी इतकं निवांत बसलं नसेल. अकराला गाडीचं दार वाजलं. दाजी मागच्या दारात उभे. पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. ताईने लाटणं घट्ट धरलं.

"प्लॅस्टिक?" दाजी म्हणाले. "खालून वारा कसा लागणार?"

त्यांनी स्वतः आत जाऊन ताईचं जुनं सुती लुगडं आणलं. प्लॅस्टिक गेलं, लुगडं अंथरलं. मग ते पापडांकडे बघत राहिले. "इतके चिकटून? ओले आहेत ते. कडा वळतील." गुडघ्यावर बसून त्यांनी खिशातून खिळा काढला, पहिल्या दोन पापडांच्या मध्ये ठेवला, दुसरा पापड बोटाने किंचित सरकवला आणि पुढे निघाले.

"दाजी, पापडाला तीन मिलिमीटर?" मी म्हटलं.

"नीट वाळवायचे तर नीट वाळवायचे."

"कडांना मेण लावू नका म्हणजे झालं," ताई म्हणाली आणि पुढचा पापड त्यांच्या हातात दिला.

दुपारी चारला ती पापड उलटायला गेली. एक उचलला, दुसरा उचलला, मला हाक मारली. ऐंशी पापडांत एक वळलेला नव्हता. "अहो," तिने घरात बघून हाक मारली, "ऐकलंत का? चांगले झालेत!" घरातून उत्तर आलं नाही. आलं ते आमच्या पायांखालून, फळ्यांच्या फटींतून, बॅटरीच्या उजेडाबरोबर:

"होणारच. खालून वारा आहे."